दिवेलागणीचा शास्त्रपाठ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत बायबलला ‘पवित्र शास्त्र’ किंवा नुसते ‘शास्त्र’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातील माणसांनी एकत्र बसून त्यातील एखादा उतारा वाचणे, एखादे गीत म्हणणे व शेवटी प्रार्थना करणे या नित्यक्रमाला कौटुंबिक उपासना असे नाव आहे. या उपासनेत सर्वांत लहान मूल कोठे बसते, त्याच्या कानांवर काय पडते आणि त्यातले त्याला कळते किती, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी तो एका समाजाच्या श्रद्धेच्या, भाषेच्या आणि स्मृतीच्या मुळाशी जातो. प्रॉटेस्टंट परंपरेप्रमाणे जुन्या करारातील ३९ आणि नव्या करारातील २७ अशा ६६ ग्रंथांचे (कॅथलिक परंपरेत ७३) हे भांडार चार-पाच वर्षांच्या मुलापुढे उघडायचे कसे, त्यातले आधी काय सांगायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा निर्णय पाळकांना किंवा रविवारच्या शब्बाथ शाळेतील शिक्षिकेला करता येतो त्याहून अधिक घरच्या आईला, आजीला आणि वडिलांना करावा लागतो.

घर हीच या शिक्षणाची पहिली जागा, ही कल्पना आधुनिक नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्याची जबाबदारी आईबापांवर टाकलेली आहे, आणि त्यासाठी वेगळी पाठशाळा न सांगता घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलत राहावे असे सुचवले आहे. (येथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर पूर्वी सांगितलेले पुन्हा सांगणे हा त्या शब्दाचा जुना संस्कृत अर्थ अभिप्रेत आहे.) याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या परंपरेत शिक्षणाची सुरुवात पुष्कळदा मुलाच्या प्रश्नापासून होते. ‘निर्गम’ या ग्रंथात वल्हांडण सणाचे विधी सांगताना, पुढे मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची हकीकत सांगावी, असे म्हटले आहे. ‘यहोशवा’ या ग्रंथात यार्देन नदीच्या पात्रातून उचललेले बारा धोंडे गिलगाल येथे उभे करण्याचा हेतूच हा दिला आहे, की पुढच्या पिढीतील मुलांनी ते पाहून हे काय म्हणून विचारावे. नव्या करारात तीमथ्य या तरुण सेवकाच्या श्रद्धेचा उगम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी दाखवला आहे, आणि आजीचा हा उल्लेख मराठी घरातील वाचकाला विशेष ओळखीचा वाटावा असा आहे.

या दोन जिल्ह्यांत शास्त्र आले ते दोन वेगवेगळ्या वाटांनी. १८१३ साली मुंबईत काम सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरनंतर १८४९ मध्ये, म्हणजे साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, साताऱ्यास आपले ठाणे उघडले, आणि पुढे वाई परिसरातही त्याचे काम वाढले. उलट सांगली व मिरज या संस्थानी मुलखात १८५२ साली कोल्हापुरास आलेल्या रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्या कामातून वाढलेले प्रेस्बिटेरियन मिशन पोहोचले, त्याने १८८४ मध्ये सांगलीस ठाणे केले, आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस उघडलेल्या रुग्णालयाभोवती परिचारिका, औषध देणारे, शिक्षक अशा नोकरदार ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढत गेली. दोन्ही मिशनांचा भर मुलींना वाचायला शिकवण्यावर होता, कारण ज्या घरातील आईला अक्षरओळख नाही त्या घरात शास्त्र रविवारपुरतेच उरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. या प्रवाहांतील बहुसंख्य मंडळ्या १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. तरीही संख्येच्या दृष्टीने हा समाज अगदी लहान आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी भरली, आणि तिचा मोठा वाटा मुंबई, वसई व पुणे या भागांत असल्याने सातारा-सांगलीकडील खेड्यात एखाद्या वर्गात एकच ख्रिस्ती मूल असणे ही नवलाची गोष्ट नाही.

अशा मुलाला घरी शास्त्र सांगताना पहिली अडचण येते ती भाषेची. विल्यम केरी यांनी सेरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला गेला, अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये आला, संपूर्ण मराठी बायबल १८४७ पर्यंत सिद्ध झाले, आणि नंतरच्या सुधारणांतूनही त्या पहिल्या भाषांतरांचे संस्कृतप्रचुर वळण बऱ्याच अंशी टिकून राहिले. तारण, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, पवित्रीकरण हे शब्द प्रौढ उपासकाला सवयीने प्रिय असतात, पण पाच वर्षांच्या मुलाला ते केवळ नाद म्हणून ऐकू येतात. पंडिता रमाबाईंनी ही अडचण फार लवकर ओळखली होती. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांच्या हातांनी जुळवलेले व छापलेले ते बायबल त्यांच्या १९२२ मधील निधनानंतर, १९२४ साली पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून हेच काम वेगळ्या रीतीने पुढे नेले. पण कितीही सुबोध भाषांतर असले तरी लहान मुलासाठी आणखी एक भाषांतर करावे लागते, ते छापले जात नाही, ते रोज रात्री आईच्या तोंडी नव्याने होते, आणि घरातील शास्त्रशिक्षणाचे यश त्याच तोंडी भाषांतरावर अवलंबून असते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे या अडचणीला नवे टोक आले आहे. देवनागरीतील जोडाक्षरे अडखळत वाचणारे मूल रंगीत चित्रांच्या इंग्रजी बायबलकथांकडे वळते, त्यातील प्रेषित सोनेरी केसांचे व गोऱ्या वर्णाचे असतात, शेते हिरव्यागार कुरणांची असतात, आणि अशा पुस्तकांतून शिकलेल्या मुलाच्या मनात शास्त्र म्हणजे कोठल्या तरी थंड, परक्या देशाची गोष्ट अशी समजूत मूळ धरते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पॅलेस्टाइनचा डोंगराळ, कोरडवाहू, पावसाकडे डोळे लावून बसणारा मुलूख हिरव्या युरोपापेक्षा माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांना कितीतरी जवळचा आहे, आणि येशूने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी शेत, मेंढरे, पीठ, विहीर व रोजंदारी यांच्याच आहेत.

या गोष्टींना मराठी बायबलात ‘दाखले’ म्हटले आहे. आजच्या मुलाला दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा किंवा जातीचा कागद एवढेच ठाऊक असते, म्हणून येथे दाखला म्हणजे एखादी गोष्ट पटावी यासाठी रोजच्या व्यवहारातून दिलेले उदाहरण, हे आरंभीच सांगावे लागते. पेरणाऱ्याचा दाखला घेतला, तर त्यात पेरणारा बी टाकत जातो, काही बी वाटेवर पडून पाखरे ते टिपतात, काही खडकाळ जागी पडून लवकर उगवते पण करपते, काही काटेरी झुडपांत पडून गुदमरते, आणि काही चांगल्या जमिनीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. ज्या मुलाने गावाकडे पाभरीने किंवा कुरीने होणारी पेरणी पाहिली आहे त्याला ही गोष्ट ऐकताक्षणी विचित्र वाटते, कारण पाभरीच्या चाड्यात मूठमूठ सोडलेले बी नळ्यांतून थेट तासात, मातीखाली उतरते, ते वाटेवर आणि काट्यांत सांडेलच कसे? हा प्रश्न चुकीचा तर नाहीच, उलट मुलाने गोष्ट नीट ऐकली याची ती खूण आहे. पॅलेस्टाइनमधील शेतकरी बी हाताने फोकत असे, शेतांमधून पायवाटा गेलेल्या असत आणि मातीच्या पातळ थराखाली चुनखडीचा खडक असे, एवढे सांगितले की चित्र उलगडते. पाटण किंवा जावळीकडील मुलाने तरव्यात भाताचे बी फोकताना पाहिलेले असते, आणि शहरातल्या मुलाला परसातल्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत मेथीचे दाणे स्वतःच्या हाताने विस्कटू दिले तरी काम भागते, कारण त्यातले काही दाणे कडेच्या फरशीवर पडतातच. खडकाळ जागा म्हणजे दगडगोट्यांची जमीन नव्हे, तर वर टीचभर माती आणि खाली कातळ, हे माणदेशातल्या मुलाला मुरमाड माळ पाहून आधीच माहीत असते. शंभरपटीचा अर्थ कळावा म्हणून ज्वारीचे कणीस देऊ नये, कारण त्यात शेकड्यांनी दाणे निघतात आणि शंभर ही संख्या मुलाला थोडीच वाटते; त्याऐवजी गव्हाची ओंबी तळहातावर चुरून दाणे मोजायला लावले, तर एका ओंबीत तीस-चाळीस दाणे सापडतात, आणि शंभरपट म्हणताना ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या भुवया का उंचावल्या असतील हे मूल आपले आपणच सांगते.

खमिराच्या दाखल्याची गोष्टही अशीच आहे. एका स्त्रीने तीन मापे पिठात थोडे खमीर लपवले आणि सगळे पीठ फुगून आले, एवढीच ती गोष्ट. पण ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आणि चपातीला खमीर लागत नाही, त्यामुळे मराठी बायबलाने पावासाठी वापरलेला ‘भाकर’ हा अतिशय घरगुती आणि समर्पक शब्द याच एका ठिकाणी अडचणीचा होतो. सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरात या दाखल्याचे खरे उत्तर विरजण हे आहे. रात्री कोमट दुधात बोटभर विरजण लावून भांडे झाकून ठेवताना मुलाला जवळ बसवावे, ते विरजण दुधात कोठे गेले हे शोधायला सांगावे, आणि सकाळी झाकण काढून घट्ट दही दाखवावे. देवाचे राज्य लपून, शांतपणे, रात्रीतून वाढते हा त्या दाखल्याचा गाभा याहून थोड्या शब्दांत कोणत्याही पुस्तकाला सांगता येणार नाही. त्या स्त्रीचे तीन मापे पीठ शंभरएक माणसांच्या जेवणाला पुरेल एवढे होते, हे सांगितल्यावर लग्नघरातला परातींचा ढीग पाहिलेले मूल त्या गोष्टीतल्या आनंदापर्यंतही पोहोचते.

तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळकडील मुलांना तर योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेलीचे रूपक समजावून सांगण्याची गरजच नाही, फक्त बागेकडे बोट दाखवण्याची आहे. तेथे द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि खरड छाटणीनंतर हिरवीगार बाग एका दिवसात उघड्या काड्यांची झालेली पाहून लहान मूल हमखास विचारते, की चांगली वेल कापली का? छाटलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतो आणि खाली ठिपकतो, तेही त्याने पाहिलेले असते. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो आणि फळ देणारा फाटा अधिक फळासाठी छाटतो, हे येशूचे म्हणणे ज्याच्या वडिलांच्या हाती छाटणीची कात्री आहे त्या मुलाला ऐकीव राहत नाही. त्याच मुलाला मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला मात्र बोचतो, कारण सकाळपासून राबलेल्याला आणि दिवस मावळायच्या आधी तासभर आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, आणि छाटणीच्या टोळ्यांचा हिशेब कानांवर पडलेल्या मुलाला हा उघड अन्याय वाटतो. अशा वेळी मोठ्यांनी मालकाची बाजू घेण्याची घाई करू नये. दाखल्यातले पहिले मजूरही कुरकुर करतातच, म्हणजे मुलाचा आक्षेप शास्त्रात आधीच नोंदवलेला आहे. दिवसभर चौकात उभे राहूनही ज्याला कोणी कामावर नेले नाही त्याच्या घरी संध्याकाळी चूल कशी पेटणार होती, एवढाच उलट प्रश्न विचारून थांबावे.

थांबणे ही या शिक्षणातली सर्वांत अवघड बाब आहे. इसापनीतीच्या प्रत्येक कथेखाली तात्पर्य वाचण्याची सवय लागलेल्या मराठी घरांत बायबलच्या गोष्टीलाही शेवटी खोटे बोलू नये, आईबापांचे ऐकावे असे शेपूट जोडले जाते, आणि त्यामुळे दाखला संपण्याआधीच मुलाचे लक्ष उडते, कारण शेवटी आपल्यालाच काहीतरी सुनावले जाणार हे त्याला कळून चुकलेले असते. दाखला हा उपदेशाला लावलेला गुळाचा लेप नाही; तो ऐकणाऱ्याच्या मनात राहून पुढे कित्येक वर्षांनी उगवावा अशा बेताने सांगितलेला आहे. पाठांतराविषयीही असेच म्हणता येईल. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र आणि डोंगरावरील प्रवचनातील धन्यवचने मुलांना मुखोद्गत असावीत ही जुन्या मंडळ्यांची अपेक्षा योग्यच आहे, कारण लहानपणी पाठ झालेले शब्द म्हातारपणी आणि आजारपणात माणसाला सोडून जात नाहीत. पण प्रेस्बिटेरियन परंपरेला आदर्श असलेल्या १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीतील १०७ प्रश्नोत्तरे पाठ केलेल्या मुलाने घरी एकही गोष्ट मनसोक्त ऐकली नसेल, तर त्याला उत्तरे मिळाली पण प्रश्न कधी पडलेच नाहीत, अशी त्याची स्थिती होते.

पाठांतराला गोडी येते ती चालीने, आणि येथे या मुलखाची परंपरा फार संपन्न आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात बायबलची कथा जवळजवळ ११ हजार ओव्यांत मराठीत सांगितली, आणि ओवी ही जात्यावर व पाळण्याशी म्हणायची चीज असल्यामुळे ती कथा लोकांच्या कानी बसली. फुला-मुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, ओव्या व भजने यांतून ख्रिस्ताला मराठी रूप दिले, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ पासून, त्यांनी साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या नावाने जातिभेद व पंथभेद यांपलीकडचा एक भ्रातृसंघ उभारण्याचा प्रयत्न केला. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातील त्यांची पदे आजही घरोघर म्हटली जातात. टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलेला अभंग तीन वर्षांच्या मुलालाही येतो, आणि शेजारच्या घरातील हरिपाठाची चाल आपल्याही घरात आहे, हे त्याच्या नकळत त्याला उमगते.

शास्त्रातल्या काही गोष्टी मात्र लहानपणी मागेच ठेवलेल्या बऱ्या. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला वेदीवर बांधतो ही कथा मोठी माणसे बापाच्या श्रद्धेची म्हणून ऐकतात, पण मूल ती इसहाकाच्या जागी राहून ऐकते, आणि त्या रात्री त्याला झोप लागत नाही. नोहाच्या तारवातील प्राण्यांच्या जोड्या मुलांना आवडतात, परंतु बाहेर राहिलेल्यांचे काय झाले हा प्रश्न एक ना एक दिवस येतोच, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली व पलूस परिसरातील घरे पाण्याखाली गेलेली पाहिलेल्या मुलांना जलप्रलय ही देवाने दिलेली शिक्षा म्हणून सांगणे निर्दयपणाचे आहे. अशा कथा नऊ-दहा वर्षांनंतर, सावकाश, मुलाचे म्हणणे ऐकून घेत सांगाव्यात, आणि हट्टी मुलाला गप्प करण्यासाठी देवाची भीती तर कधीच घालू नये, कारण भीतीने शिकलेला देव मोठेपणी पहिल्यांदा सोडला जातो.

संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही पालकाच्या संमतीवाचून ते मुलावर लादता येत नाही; ही व्यवस्था अल्पसंख्य मुलाचे रक्षण करणारी आहे, आणि तिच्यामुळे घराची जबाबदारी अधिक स्पष्ट होते. गणपतीत आरतीला बोलावणे आले किंवा ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या वाटेने निघाली, की ख्रिस्ती मूल घरी येऊन आपण कोण आहोत हे विचारते, आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरात शेजाऱ्याविषयी तुच्छता मिसळली तर शास्त्राचा पाठच उलटा होतो.

याच संदर्भात योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सातारा जिल्ह्यात सांगताना विशेष काळजीने सांगावी लागते. यहुदी लोक ज्यांच्या भांड्याला स्पर्श करीत नसत त्या शोमरोनी लोकांच्या गावाबाहेर, भर दुपारी, याकोबाच्या विहिरीशी थकून बसलेला येशू पाणी भरायला आलेल्या स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो, आणि तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे ती आश्चर्याने विचारते. येथील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार व मांग समाजांतून आलेले आहेत, त्यामुळे पाणवठ्यावरचा तो प्रश्न त्यांच्या आजी-पणजींच्या आयुष्यातला आहे. साताऱ्यात राहणारा बालक भीमराव आंबेडकर १९०१ साली भाऊ व भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूरपर्यंत आणि तेथून बैलगाडीने खटाव तालुक्यातील गोरेगावकडे निघाला, तेव्हा जातीमुळे त्या तहानलेल्या मुलांना वाटेत कोणी पाणी दिले नाही, ही हकीकत पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ती विहिरीच्या गोष्टीशेजारी ठेवून सांगता येते. मूल मग बहुधा एकच गोष्ट विचारते, की त्या बाईने शेवटी येशूला पाणी दिले का? शुभवर्तमानात ते लिहिलेले नाही. तिने आपली घागर विहिरीपाशीच ठेवली आणि ती गावात गेली, एवढेच तेथे आहे.